ब-3 च्या अंगणातला हॉट टब आणि बी विंगचं अर्थिंग

दिनांक : 10 नोव्हेंबर

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, नाशिक

विषय : हॉट टबासाठी वेगळी केबल व स्वतंत्र अर्थिंग घालण्यास लेखी परवानगी, बी विंगचं अर्थिंग व बागेतला दिवा दुरुस्त करणेबाबत

सप्रेम नमस्कार,

गेल्या रविवारी जिन्यात भेटलो तेव्हा आपण म्हणालात, "तुमच्या अंगणात तुम्ही टब ठेवा नाहीतर हत्ती बांधा, समितीचं काय जातं?" या मोकळेपणाबद्दल आभार. पण तोंडी होकारावर मला हे काम करायचं नाही. टबाच्या निमित्ताने मीटर रूममध्ये आणि तिच्या मागे डोकावावं लागलं, आणि तिथे जे दिसलं त्यात समितीचं बरंच काही जातं.

आधी टबाविषयी, कारण वर-खाली बरीच चर्चा चालू आहे. ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांना नाशिकची थंडी सोसत नाही, शेक देऊन मी थकले, म्हणून हा गरम पाण्यात बसायचा टब. 900 लिटरचा आहे. अंगणाखाली पार्किंग नाही, सरळ जमीन आहे, त्यामुळे स्लॅबवर वजन येण्याचा प्रश्न नाही. पाणी रोज बदलत नाहीत. फिल्टर असतो, तीनेक महिन्यांतून एकदा बदलतात. तेव्हा टँकरची काळजी सोडा.

आता वायरिंग. माझ्याकडे आलेल्या वायरमनने पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "काकू, एवढं काही लागत नाही. गीझरच्या पॉइंटवरून लाइन ओढतो, दुपारपर्यंत टब चालू." मी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. टबाचा हीटर 3 किलोवॅटचा, पंप दीडचा, ब्लोअर 0.7 चा. पाणी नुसतं तापत असताना 13 अँपिअर, सगळं एकदम चाललं की 23. गीझरचा पॉइंट 16 चा. आणि हे पाच मिनिटांचं काम नव्हे: जानेवारीत टाकीचं पाणी 18 अंशांवर असेल तर ते 38 पर्यंत न्यायला 21 युनिट, म्हणजे सलग सात तास लागतात. सात तास तापणारा सॉकेट मला घरात नको. (कॉलेजात तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळे आकडेमोडीची खोड जात नाही. सांभाळून घ्यावं.)

आमच्या बिलावर मंजूर भार 4 किलोवॅट आहे, एकटा टबच त्याच्या पुढे जातो. म्हणून महावितरणकडे भार वाढवून थ्री फेज घेणार आहोत. टब एका फेजवर, गीझर दुसऱ्यावर. स्थिर आकार वाढेल तो आमच्या बिलात. नव्या मीटरला मीटर रूममध्ये जागा लागेल, ती उजव्या भिंतीवर आहे. तिथून अंगणापर्यंत 30 मीटर 6 स्क्वेअर एमएमची आर्मर्ड केबल, कंपाउंडच्या कडेने, 75 सेंटिमीटर खोल, खाली-वर वाळू आणि वर विटा. अडीचची स्वस्त पडली असती, पण एवढ्या अंतरात तिच्यावर 12 व्होल्ट गळतात, सहाच्या केबलवर 5. खोदलेले पेव्हर ब्लॉक होते तसे बसवून देईन. काम परवानाधारक ठेकेदाराकडून, टेस्ट रिपोर्टसह.

न्यू जर्सीहून चिरंजीवांनी फर्मान काढलं होतं की 50 अँपिअरचा ब्रेकर घ्या. तिकडचे टब 240 व्होल्टवर अकरा-बारा किलोवॅट खातात, त्यांना तो शोभतो. आपल्याकडे 32 चा एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की लाइन तोडणारी, सगळे जिला ईएलसीबी म्हणतात ती. तिकडची एक सवय मात्र मी उचलली: बंद करायचा मेन स्विच टबातून दिसेल असा, पण टबातल्या माणसाचा हात पोचणार नाही इतका लांब.

खरी गोष्ट इथून पुढे. नकाशाप्रमाणे बी विंगला अर्थिंगचे, म्हणजे गळालेला करंट जमिनीत सोडणारे, दोन खड्डे आहेत. एक शोधायला मला आणि वॉचमनला तासभर लागला. पेव्हर ब्लॉक बसवताना त्याचं झाकण खाली गाडलं गेलं होतं. उघडलं तेव्हा आत ना मीठ, ना कोळसा. कोरडी माती, आणि पाइपच्या तोंडाशी पट्टीचा बोल्ट इतका गंजलेला की बोटाने हलला. दुसरा खड्डा गणपतीच्या मांडवासाठी बांधलेल्या ओट्याखाली आहे. त्याचं दर्शन झालं नाही.

ठेकेदाराने पहिल्या खड्ड्याच्या रोधाचं रीडिंग घेतलं: 9 ओहम. ऐकायला लहान वाटतं. आता समजा कोणाच्या गीझरचा एलिमेंट फुटला आणि फेज, म्हणजे करंट आणणारी तार, पत्र्याला लागली. 230 भागिले 9, म्हणजे साधारण 25 अँपिअर. 32 चा एमसीबी तेवढ्याला हलतही नाही. घरात ईएलसीबी नसेल तर तो करंट वाहत राहतो, आणि आपण सगळे त्याच अर्थच्या पट्टीला जोडलेले असल्यामुळे विजेचा दाब (व्होल्टेज) अर्थच्या तारेवरून बाकीच्या घरांतल्या फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यापर्यंत पोचतो. माझ्या टबाच्या पंपापर्यंतही.

तुम्ही म्हणाल, तुमच्याकडे आरसीसीबी आहे ना? आहे. पण ती फक्त माझ्या लाइनवर फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून बघते. अर्थच्या तारेवरून आलेला पाहुणा तिच्या हिशोबातच येत नाही. ह्यांना गळ्यापर्यंत पाण्यात बसवायचं आणि सुरक्षितता तिसऱ्या मजल्यावरच्या गीझरवर सोपवायची, हे मला जमणार नाही. बी विंगमध्ये किमान दोन घरांनी "सारखी ट्रिप होते" म्हणून ईएलसीबी बायपास करून घेतल्याचं त्यांनीच मला सांगितलं. ती ट्रिप होत होती म्हणजे कुठेतरी गळत होतं. ती गळती अजून तिथेच आहे.

म्हणून टबासाठी माझे स्वतःचे दोन खड्डे कंपाउंडच्या भिंतीलगत खणू द्यावेत. अडीच मीटरचे पाइप, सामायिक पट्टीशी न जोडलेले. खर्च माझा. बी विंगचे दोन जुने खड्डे उघडून दुरुस्त करणं मात्र समितीचं काम, दुरुस्ती निधीतून. ओटा थोडा फोडावा लागला तर बाप्पा रागावणार नाहीत.

शेवटी तो बागेतला लोखंडी दिवा. टबाच्या कडेपासून तो 1.4 मीटरवर येतो. कडेपासून 2 मीटरच्या आत दिवा, स्विच, सॉकेट काही नसावं असा दंडक आहे. टब सरकवून पाहिला, पलीकडे चेंबरचं झाकण येतं. पण टब नसता तरी हा दिवा बघायलाच हवा होता. गेल्या जुलैत खेळताना मुलांना त्याला हात लावून झिणझिण्या आल्या होत्या. तेव्हा वॉचमनने खांबाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि सुतळीने बांधली. पिशवी अजून आहे. परवा मी फाटलेल्या जागी टेस्टर लावला तर त्यातला दिवा मिणमिणला. वरचा बल्ब मात्र बंद आहे. सामायिक दिव्यांच्या पॅनेलवर ईएलसीबी नाही, हे मीटर रूममध्ये मी डोळ्यांनी पाहिलं. दिवा हलवायचा खर्च मी देईन. पॅनेलवर ईएलसीबी समितीने बसवावी, आणि ती बसेपर्यंत त्या दिव्याची लाइन आजच पॅनेलमधून काढून ठेवावी.

टब डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतो आहे. लेखी परवानगी आणि खड्ड्यांची दुरुस्ती होईपर्यंत तो रिकामाच राहील, हे ह्यांनाही सांगून ठेवलं आहे. येत्या रविवारी अकरा वाजता ठेकेदार अर्थिंग मोजायचं मीटर घेऊन येणार आहे. आपण, चिटणीस आणि जमल्यास खजिनदार मीटर रूमपाशी यावं. किल्ली वॉचमनकडे असते. बॅटरी मी आणते, आतला दिवा लागत नाही.

आपली,
रहिवासी, सदनिका ब-3