लांडगा वाचवा, पण मेंढपाळाला विचारून

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या लांडग्यांवर लेख आला होता तो आमच्या घरात दोनदा वाचून झाला, एकदा मी वाचला नि परत थोरल्या भावाला मोठ्यानं वाचून दाखवला, कारण आमचं घर मेंढरांचं आहे, भाऊ आजपण बकरी, म्हणजे आमच्या बोलीत मेंढरंच, घेऊन फिरतो नि मी कागलच्या एमआयडीसीत कामाला असलो तरी सुट्टीला तळावरच असतो. लेख चांगला होता, फोटो तर झकासच, पण तिथल्या गुरं पाळणाऱ्यांना नि शिकाऱ्यांना त्यात सरळ खलनायक करून टाकलंय ते काय आम्हाला पटलं नाही. भाऊ म्हणाला, लिहिणाऱ्यानं एक रात्र तरी वाघरीबाहेर, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीबाहेर, काढलीय का विचार. म्हणून हे पत्र.

तिथली गोष्ट जरा मागनं सांगायला पाहिजे. यलोस्टोन पार्कातले लांडगे सरकारनंच मारून संपवले होते, 1926 च्या सुमारास शेवटचे गेले, मग सत्तरेक वर्षांनी 1995 आणि 1996 मध्ये कॅनडातनं 31 लांडगे आणून पार्कात सोडले नि जवळपास तेवढेच शेजारच्या आयडाहो राज्यात. आता मोंटाना नि आयडाहो या दोनच राज्यांत मिळून दोन हजारांच्या आसपास लांडगे झालेत. पार्काच्या उत्तरेकडं एल्कचा, म्हणजे आपल्या सांबरापेक्षा थोराड हरणाचा, मोठा कळप असतो, तो 1990 च्या दशकाच्या मध्याला 19 हजारांच्या घरात होता तो 2013 पर्यंत 4 हजारांवर आला. सगळं लांडग्यानंच केलं असं नाही, अस्वलं वाढली, दुष्काळ पडला, माणसांनीपण शिकार केली. पण एका एल्कवर घरातलं वर्षाचं मटण भागवणारी कुटुंबं तिथं आहेत, ती लायसनची फी भरतात नि त्याच पैशावर तिथल्या राज्यांचं वन्यजीव खातं बरंचसं चालतं, आणि कळप डोळ्यांदेखत कमी झाल्यावर ते बोलायला लागले की लोक त्यांना रक्तपिपासू म्हणतात. हे काय बरोबर नाही.

आणि लांडग्यांनी एल्क कमी केले, मग काठची झाडं वाढली नि त्यानं नद्यांचे प्रवाह बदलले म्हणून जो व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरत असतो, आपल्या लेखातपण तेच होतं, तर कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी तिथंच वीस वर्षं प्रयोग करून 2024 मध्ये सांगितलंय की ओढ्याकाठची विलोची झाडं म्हणावी तशी परत आलेलीच नाहीत. लांडगा चांगलाच आहे, पण त्याच्या नावावर चमत्कार खपवले की मग ज्याचं नुकसान होतं त्याचं तोंड आपोआप बंद होतं, म्हणून हे सांगावं लागतंय.

कोलोराडो राज्यात काय झालं ते बघा. नोव्हेंबर 2020 मध्ये लांडगे परत आणायचे का नाही यावर तिथं चक्क मतदान झालं, प्रस्ताव 114, नि तो जेमतेम 51 टक्क्यांच्या आतच पास झाला. मतं कुणाची, तर जास्त करून डेन्व्हर, बोल्डर असल्या शहरांकडची. लांडगे सोडले कुठं, तर डोंगराच्या पलीकडं पश्चिमेला, जिथल्या बहुतेक भागानं नको म्हणून मत दिलेलं. डिसेंबर 2023 मध्ये ओरेगॉनमधनं आणलेले 10 लांडगे सोडले नि चारच महिन्यांत वासरं मरायला लागली. उद्या पुण्या-मुंबईनं मतदान करून ठरवलं की आजरा-चंदगडला आणखी हत्ती सोडा, तर तिथल्या शेतकऱ्याला काय वाटेल? ज्याच्या दारात हत्ती येतो त्याचं मत एक नि ज्यांनी हत्ती फक्त मोबाईलवर बघितलाय त्यांची मतं लाख. तिथल्या गुरंवाल्यांचा राग ह्यावरनं आहे, आणि एकूण गुरांत लांडग्यानं मारलेली एक टक्कापण नसतात हे त्यांनापण माहीत आहे, पण ती पडतात ठराविक घरांवरच. ज्याची पाच गेली त्याला टक्केवारी ऐकवून काय उपयोग.

तरी तिकडं एक काम केलंय. कोलोराडोत एका जनावरामागं 15 हजार डॉलरपर्यंत भरपाई आहे. आपल्याकडं मेंढी-शेळी गेली तर बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15 हजार रुपये, यातलं जे कमी भरेल ते. आकडा एकच, पण मी रकमेवरनं भांडत नाही, तिकडचं जनावर महाग, राहणी वेगळी. तिकडं मेलेल्या जनावराबरोबर हरवलेल्या जनावराचा, भीतीनं वासरांची वजनं कमी भरली, गाई कमी गाभण राहिल्या याचासुद्धा दावा करता येतो. आपल्याकडं मढं दाखवा, मग पुढचं बोला. आणि लांडगा मढं ठेवतोय कुठं? कोकरू असलं तर मानेला धरून उचलूनच नेतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्यावर हेच आलं. इकडचा पाऊस बकऱ्यांना सोसत नाही, खुरं कुजतात, म्हणून आमच्याकडचे बरेच मेंढके त्या दिवसांत पूर्वेला दुष्काळी पट्ट्यात जातात नि दिवाळीनंतर माघारी येतात. तिथं एका माळावर तळ होता. पहाटेचा सुमार, बारीक भुरभुर चाललेली, कुत्री एका अंगाला लागून भुंकायला लागली म्हणून भाऊ नि पुतण्या बॅटरी घेऊन तिकडं पळाले आणि तेवढ्यात दुसऱ्या अंगानं वाघर दबली. लांडगा असंच करतो, एक कुत्र्यांना खेळवत लांब नेतो नि दुसरा आत शिरतो, कुठल्याबी मेंढक्याला विचारा. उजाडल्यावर बघतोय तर वाघरीची मेख उपटून पडलेली, दोन कोकरं गायब, एक गाभण मेंढी गळ्याला दात लागून मेलेली आणि एकीच्या मानेची कातडी लोंबत होती, वहिनी तिच्या जखमेत हळद भरत बसलेली. जी कोकरं नेली त्यांच्या आया दिवसभर वाघरीभोवती ओरडत फिरत होत्या, कास दगडासारखी घट्ट झालेली, शेवटी वहिनीनंच धरून पिळून काढली. नि पुढच्या चार-आठ दिवसांत आणखी मेंढ्या गाभडल्या, म्हणजे पोटातलं पडलं, त्या कुठल्या कागदावर लिहायच्या?

वनखात्याला फोन लगेच केला होता. दुपारी येतो म्हणाले, आले दुसऱ्या दिवशी. इकडं ज्याच्या रानात बकरी बसवायचं ठरलेलं तो शेतकरी फोनवर फोन करतोय, तळ हलवल्याशिवाय चारा नाही, आणि मढं तर हलवायचं नाही, म्हणून पुतण्या एकटाच त्या मेलेल्या मेंढीपाशी छत्री धरून थांबला, कावळ्या-कुत्र्यांना हाकलत. मग पंचनाम्यात काय लिहिलं, तर मोकाट कुत्र्यांनी मारलं असावं. कुत्र्यांनी मारलं म्हणजे भरपाई नाही, विषय संपला. तक्रार करायची म्हटलं तर आधार कार्ड एका जिल्ह्याचं, घटना दुसऱ्या जिल्ह्यातली, नि तोवर तळ कर्नाटकाच्या हद्दीत गेलेला. ही सगळी योजना एका जागी घर असलेल्या, गोठा असलेल्या, सातबारा असलेल्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून केलीय, फिरत्या माणसाचा त्यात विचारच नाही.

मोकाट कुत्री मेंढरं मारतात हे खरंच आहे, गावाकडच्या माळावर त्यांचा त्रास लांडग्यापेक्षा जास्त आहे. पण कुत्री मागनं लागतात, मांड्यांचे, शेपटाचे लचके तोडतात, एका रात्रीत धा-बारा घायाळ करून टाकतात नि न खाताच निघून जातात. लांडगा गळा धरतो, आणि बहुतेक वेळा घेऊन जातो. हे मेंढक्याच्या पोराला पण कळतं, मग पंचनामा करताना त्याचं म्हणणं लिहून घ्यायला काय हरकत आहे? दाताच्या खुणा, पाऊलखुणा याचे फोटो त्याच्याच मोबाईलवर असतात, वेळेसकट.

आता कुणी म्हणेल हे मेंढपाळ लांडग्याच्या वाईटावर आहेत. नाही. आमचा आजा म्हणायचा की कळपातलं एखादं बकरं लांडग्याचं असतंच, आमच्या बिरोबा देवानं त्याला ते दिलंय, त्यावरनं रडायचं नाही. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्यानं पिवळी झालेली जी माणसं दिसतात त्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा, बरेचजण हेच सांगतील. लांडगा 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या परिशिष्टात आहे, देशात सगळे मिळून तीन हजारांच्या आसपास, म्हणजे वाघापेक्षा कमीच, मग मारा म्हणायचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेचं सगळंच उचलावं असंही मी म्हणत नाही, वायोमिंग राज्यात बऱ्याचशा भागात लांडगा दिसला की वर्षभरात कधीपण मारता येतो, लायसनसुद्धा लागत नाही, नि तिथं 2024 मध्ये एकानं स्नोमोबाईल अंगावर घालून लांडगा अधमेला केला, त्याचं तोंड बांधून बारमध्ये मिरवला, आणि सुरुवातीला त्याला दंड झाला 250 डॉलर. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. पण आपल्याकडंपण मढ्यात विष घालायचं, बिळात धूर कोंडून पिल्लं मारायची असले प्रकार झालेतच की. ते चूकच आहे, गुन्हाच आहे. पण ज्याला हक्काची भरपाई वेळेत मिळाली नि ज्याचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं तो मेंढका असल्या थराला जात नाही, हे मी आमच्या माणसांबद्दल छातीठोक सांगतो.

आणि माळाचं काय करायचं हे कोण बोलणार? लांडगा माळावरचा, बकरी माळावरची, आणि सरकारी कागदावर माळ म्हणजे पडीक. कुठं सोलर, कुठं प्लॉटिंग, कुठं खड्डे मारून झाडं लावायची नि कुंपण घालायचं, मग बकरी आत गेली की दंड. काळवीट, ससे कमी झाले की लांडगा वाघरीकडंच येणार, दुसरं खाणार काय तो? सोलापूरजवळ नान्नजला माळढोकसाठी 1979 मध्ये माळ राखला तिथं लांडगापण टिकला, म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. लेखात लांडगा वाचवा म्हणून आवाहन केलंय, त्यात माळ वाचवा हे एक वाक्यपण नव्हतं.

आमचं मागणं लई मोठं नाही. तळावरनं मोबाईलवर काढलेले फोटो नि जवळच्या पोलीस पाटलाची सही पंचनाम्याला धरा, जिल्हा कुठलाबी असो अर्ज एकाच ठिकाणी घ्या, गायब कोकराला नि गाभडलेल्या मेंढीला काहीतरी द्या. कोलोराडोत सरकार पगार देऊन घोड्यावरची राखणदार माणसं ठेवतंय, गुरांची नि लांडग्यांची पाळत ठेवायला, इकडं आमची माणसं तेच काम पिढ्यान्‌पिढ्या फुकट करत आलीत, तेव्हा मेंढपाळांसाठीच्या महामेषसारख्या सरकारी योजनेतनं निदान बळकट वाघर, चांगल्या बॅटऱ्या नि राखणीच्या कुत्र्यांच्या लसी तरी द्या. आणि लांडग्यांबद्दल जी काय कमिटी, बैठक, आराखडा होईल त्यात पाच-धा फिरते मेंढपाळ बसवा, नुसते सहीपुरते नाही, आणि बैठक पावसाळ्यात ठेवू नका कारण तेव्हा आमचं कुणी घरी नसतं. लांडगा कुठं आहे, कुठं पिल्लं घातलीत, किती वाढले का कमी झाले हे आमच्याएवढं कुणाला माहीत नाही, पण विचारायला कधी कोण आलेलं नाही.

दिवाळीनंतर भावाचा तळ माघारी कागल-मुरगूड पट्ट्यात येईल. आपल्या प्रतिनिधीला किंवा त्या लेखाच्या लेखकाला यायचं असलं तर आधी एक फोन करा, मी स्वतः घेऊन जातो, मुक्कामाच्या तयारीनं या.

आपला,
मेंढपाळ घरातला एक वाचक
ता. कागल, जि. कोल्हापूर