मग चिठ्ठी मुलीच्याच वहीत का?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला लेख काल दिवसभर डोक्यातून गेला नाही. ‘मुलगे जात्याच दांडगे, त्यांना मोकळीक द्या’ असं लिहायचं आणि आधाराला मानसशास्त्रज्ञ बांडुरांचा बाहुलीचा प्रयोग द्यायचा, तोही अर्धाच! १९६१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या ७२ मुलांवर तो झाला. मोठ्या माणसाला फुगवलेली बाहुली बडवताना ज्यांनी पाहिलं, त्यांनी तिला तशीच बडवली. ज्यांनी पाहिलं नाही, ती फारशी त्या वाटेला गेली नाहीत. हाणामारी मुलग्यांनी जास्त केली, हे खरं. पण बाहुलीला मारणारी बाई दिसली तेव्हा ‘बायकांनी असं वागायचं नसतं’ अशा अर्थाचं त्यातली काही मुलं बोलून गेली. मारणाऱ्या पुरुषाचं मात्र कौतुक झालं. तीन ते सहा वर्षांची पोरं ही! हे त्यांना कुणीतरी शिकवलंच असणार ना?

मी २६ वर्षं बालवाडीत शिकवलं. दोन-अडीच वर्षांची पोरं चावतात, ओरबाडतात, केस ओढतात. मुलगेही आणि मुलीही. पुढे ते कमी होतं, पण कुणीतरी हात धरून ‘मारायचं नाही’ असं रोज सांगावं लागतं. मुलींना ते सांगितलं जातं. मुलग्यांना कोण सांगतं?

माझी नात चार वर्षांची आहे. गेल्या महिन्यात शाळेत एका मुलाने तिच्या हातातला लाकडी ट्रक ओढला. तिने सोडला नाही, तर तो दंडाला चावला. संध्याकाळपर्यंत दातांचे वण निळे पडले होते. तिने त्याला ढकललं, एवढंच. लाल पेनाने चिठ्ठी आली ती आमच्या वहीत: ‘मुलगी मारकुटी होत आहे, घरी समज द्यावी.’ मी भेटायला गेले तर बाई म्हणाल्या, “आजी, मुलगाच तो, चालायचंच. पण मुलीने हात उचललेला बरा दिसत नाही.” त्या मुलाला कुणी जवळ घेऊन ‘का चावलास रे’ असं विचारलंसुद्धा नव्हतं. त्याचंही नुकसानच की हे.

त्या रात्री नात खेळत होती. अस्वल बाहुलीला चापट्या मारत होतं. म्हटलं, “बाहुली का नाही मारत त्याला?” म्हणाली, “ती मुलगी आहे. तिच्या वहीत लिहितील.”

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी नवऱ्याने बायकोला मारणं कुठल्या ना कुठल्या कारणासाठी योग्य ठरवलं. ही माणसंही कधीतरी चार वर्षांची होती.

आणि त्याच पुरवणीतलं ‘चित्र रंगवा’ बघा: मुलाच्या हातात तलवार, मुलगी पोळ्या लाटतेय. बालभारतीने २०१९ मध्येच दुसरीच्या पुस्तकात बाई आणि पुरुष दोघंही भाजी निवडताना दाखवले होते. तुमच्या चित्रकाराला ते पुस्तक दाखवा आणि पुढच्या रविवारी प्रयोगाचा उरलेला भाग छापा.

– एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, सांगली