पऱ्यावरच्या काकांना, तिबोटी खंड्यासाठी

प्रिय काका,

जुलैतल्या त्या सकाळी पऱ्याच्या, म्हणजे रानातल्या ओढ्याच्या, काठी मी तुम्हाला ठासून सांगितलं होतं, "छोटा खंड्या गेला." तुम्ही चूक काढली नाहीत. फक्त विचारलंत, "पाठ कशी होती?" मला सांगता येईना. मग तुम्ही मला दगडावर बसवलंत आणि अर्धा तास गप्प राहायला लावलंत. त्या अर्ध्या तासासाठी हे पत्र.

आधी बारीक, धारदार शीळ आली. तुम्ही बोट दाखवलंत ते पाण्यावर नव्हे, सावलीतल्या वेलीवर. तिबोटी खंड्या, चिमणीहूनही लहान जीव! चोच लालभडक, पोट पिवळं-नारिंगी, पंख काळसर निळे, शेपटीकडे जांभळी झाक. छोट्या खंड्याची पाठ चकचकीत निळी, नराची चोच काळी आणि बैठक बहुधा उघड्या पाण्याकाठी. हा मात्र गर्द रानातला. "नावातली तीन बोटं पानांआडून दिसत नाहीत, त्यांच्यावर विसंबू नकोस," हे तुमचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

खंड्या म्हणजे मासे, एवढंच मला ठाऊक. याच्या चोचीत तर सापसुरळी होती. फांदीवर आपटून आपटून त्याने ती मारली, पण गिळली नाही. तिचं डोकं पुढे धरून नुसता बसून राहिला. तुम्ही हळूच म्हणालात, "पिल्लांसाठी आहे. आपण हलल्याशिवाय तो बिळात जायचा नाही." आणि उठलात. माझा एकही फोटो झाला नव्हता. खरं सांगते, तेव्हा तुमचा राग आला होता.

आता तो राग आठवला की वाईट वाटतं. या पाखरांनी पावसाच्या तोंडावर कोकणात यायचं, ओल्या दरडीत नर-मादीने मिळून बीळ कोरायचं, आत चार-पाच पिल्लं वाढवायची, आणि हे सगळं पावसाच्या मोजक्या महिन्यांत. अशा बिळासमोर कुणी तासन्‌तास ठाण मांडलं तर पिल्लांनी खायचं काय? फोटोत आडव्या येतात म्हणून बिळासमोरच्या फांद्या छाटलेल्याही मी नंतर पाहिल्या. रायगडने याला जिल्हा पक्षी ठरवलं, याचा मला फार आनंद आहे. पण पाठ फिरवून निघून जाणं मला तुम्हीच शिकवलंत.

यंदा एकटीच गेले होते. शीळ आली, तीच वेल, चोचीत छोटासा खेकडा. मी लगेच मागे सरले. वळणावरून पाहिलं तेव्हा वेल हलत होती आणि तो तिथे नव्हता.

तुमची ऋणी,
दगडावर बसवलेली ती मुलगी