ओमच्या रविवारच्या क्लासबद्दल

प्रिय दादा आणि वहिनी,
सा. न.

काल फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितेय. ओमला स्कॉलरशिपचा क्लास आहेच, त्यात आता रविवारी अजून एक लावताय म्हणालात, तर दादा प्लीज तो रविवार मोकळा ठेव. पोरगं हुशार आहे हे सगळ्यांना माहितीये, पण चार पर्यायांतला बरोबर गोल पटकन काळा करणं वेगळं आणि उत्तर माहीत नसलेल्या गोष्टीशी तासन् तास झटत बसणं वेगळं, आणि या दुसऱ्यासाठी त्याच्याकडे वेळच उरत नाहीये.

इथे अमेरिकेत, जॉर्जियात, गिफ्टेडची (म्हणजे खास हुशार मुलांच्या वर्गाची) मुलं निवडताना नुसते आयक्यू आणि मार्क नाही, क्रिएटिव्हिटी आणि मोटिव्हेशन पण बघतात. इथल्याच युनिव्हर्सिटीत क्रिएटिव्हिटीवर संशोधन करणारे पॉल टॉरन्स होते, त्यांनी 1974 मध्ये फ्युचर प्रॉब्लेम सॉल्व्हिंग नावाचा मुलांसाठीचा उपक्रम सुरू केला, सईच्या शाळेत तो करून घेतात. समजा पाणीटंचाई हा विषय दिला, तर लगेच उपाय सांगायचेच नाहीत, आधी अडचणी जितक्या सुचतील तितक्या काढायच्या, त्यातली मुळाशी कुठली ते ठरवायचं, मग उपाय, आणि त्यातला चांगला कुठला हे कशावरून ठरवायचं तेही मुलांनीच सांगायचं. मला हे फार पटलं, कारण आपल्याला शाळेत प्रश्न कायम आयता मिळायचा.

मागे सईच्या टीचरने बुद्धिबळाचा पट दिला, तिरक्या रेषेत समोरासमोरचे दोन कोपरे कापलेला. म्हणजे 62 घरं उरली, आणि दोन घरं झाकणाऱ्या 31 पट्ट्या, सगळा पट झाकून दाखवा. मुलं मांडतायत, मोडतायत, दरवेळी शेवटी दोन घरं उरतायत, टीचर गप्प. मग एकीच्या लक्षात आलं की कापलेले दोन्ही कोपरे एकाच रंगाचे आहेत, पट्टी तर कायम एक काळं एक पांढरं झाकते, आणि इथे एका रंगाची 32 आणि दुसऱ्याची 30, म्हणजे हे होणारच नाही! सई घरी येऊन जेवायचं सोडून मला हे समजावत होती.

स्कॉलरशिप सोडा म्हणत नाहीये मी, देऊ दे की. आणि हे काही फक्त अमेरिकेतच होतं असंही नाही, पुण्यात आप्पा पेंडशांनी 1962 ला ज्ञानप्रबोधिनी काढली ती हुशार मुलांसाठीच, तिथे एकदा चौकशी कर ना.

तोवर ओमला असा पट कापून द्या. उत्तर मात्र सांगू नका हं वहिनी, तुम्हाला त्याचं तोंड पडलेलं बघवत नाही माहितीये मला, पण चिडू दे, दोन दिवस पट तसाच पडून राहू दे, आणि काय काय करून बघितलं ते मला फोनवर त्यालाच सांगू दे.

आई-बाबांना नमस्कार, ओमला गोड पापा. बाबांचा चष्मा झाला का ते कळवा.

तुझी,
मनू