अण्णा, तुम्ही आमच्या पोरांना सुट्टी दिलीत

प्रिय अण्णा,

सलाम आणि नमस्कार.

तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही गाडीचं बॉनेट उघडता. परवा निघतानाही तेच झालं. मी बोलायला लागले आणि तुम्ही रेडिएटरमध्ये पाणी आहे का ते बघायला लागलात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमची नात तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवेल. तिला सांगून ठेवलंय, मध्येच थांबायचं नाही.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांना आम्ही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अण्णा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे मिलमधले जुने दोस्त. आम्ही सोलापूरचेच. लग्नानंतर छत्तीसगडच्या जशपूर जिल्ह्यात मिशनच्या कामाला गेलो. हे तिथे पाळक आहेत आणि मुलांचं वसतिगृह सांभाळतात, मी दवाखान्यात नर्स आहे. आमच्या आजूबाजूला उरांव लोक आहेत, ते घरात कुडुख बोलतात आणि बाजारात सादरी. आमची दोन्ही मुलं सादरी अशी बोलतात की सोलापूरची आजी नुसती बघत राहते. तिकडे फरसाबहार-तपकरा भागाला लोक नागलोक म्हणतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. चावलेलं दुखत नाही, फारसं दिसतही नाही, आणि पहाटेपर्यंत पापण्या जड व्हायला लागतात. गेल्या पावसाळ्यात असंच एक पोर आमच्या दारात उशिरा पोचलं. त्याच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते की त्यानंतर मला रात्रीची सलग झोप लागेनाशी झाली होती.

असे आम्ही या उन्हाळ्यात फर्लोवर आलो. छत्तीसगडच्या रायगढहून आझाद हिंद एक्स्प्रेसने पुणे, तिथून सोलापूर. उतरलो तेव्हा पारा त्रेचाळीसवर होता आणि नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार याची घरात चर्चा चालू होती. तरी जीव भांड्यात पडला. आपलं गाव ते आपलं गाव.

फर्लो म्हणजे काय हे बाहेरच्यांना माहीत नसतं. लोकांना वाटतं, मजा आहे, दोन-तीन महिने रजा. खरं तर तो मंडळ्यांना, म्हणजे ठिकठिकाणच्या चर्चना, भेटी देण्याचा काळ. अहिल्यानगर, केडगाव, पुणे, बार्शी, आज इथे उपासना, उद्या तिथे. बॅगा कधी पूर्ण उघडल्याच नाहीत. यातलं सगळंच जड होतं असं नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये लेकीला सांगितलं, की पंडिता रमाबाईंनी इथे राहून अख्खं बायबल हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं आणि ते छापायचं काम इथल्याच बायामुलींनी केलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मुलींनी?" त्या एका प्रश्नासाठी तो प्रवास सार्थकी लागला.

पण बाकी सगळीकडे तेच. ह्यांनी अहवाल द्यायचा, फोटो दाखवायचे, मी साक्ष द्यायची, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सांगायचा. आणि शेवटी कोणीतरी हौसेने म्हणणार, "आता मुलं आपल्याला तिकडच्या भाषेत गाणं म्हणून दाखवतील." टाळ्या. मुलं उभी राहायची. थोरला हात पाठीमागे बांधायचा, धाकटी फ्रॉकची कड चुरगळत राहायची. गाणं तेच, टाळ्या त्याच. नंतर चहाच्या वेळी कोणी गाल ओढणार, कोणी विचारणार, "जंगलात भीती नाही का वाटत?" लोक वाईट नव्हते, अण्णा. प्रेमानेच करत होते. पण माझा मुलगा हळूहळू रविवार उजाडला की पोट दुखतंय म्हणायला लागला. मी नर्स आहे, पोट कुठलं दुखतंय ते मला कळत होतं.

आता समुद्राची गोष्ट. एका उपासनेनंतर एका मोठ्या गृहस्थांनी व्यासपीठावरूनच जाहीर केलं, की देवाच्या सेवकांना विश्रांती मिळाली पाहिजे, कोकणात माझा बंगला आहे, हे कुटुंब तिथे आठवडाभर राहील, सगळी जबाबदारी माझी. पुन्हा टाळ्या. मुलांनी त्या दिवसापासून समुद्र, समुद्र लावलं. जशपूरला त्यांनी साल वृक्षांचं जंगल पाहिलंय, हत्तींचा कळप लांबून पाहिलाय, पण समुद्र फक्त पुस्तकात. निघायच्या आदल्या संध्याकाळी निरोप आला: आमचेच पाहुणे आलेत, पुढच्या खेपेला बघू. पुढची खेप कित्येक वर्षांनी येणार, हे त्यांना माहीत होतं. फोनसुद्धा केला नाही, निरोप दुसऱ्याकरवी.

आणि त्यापेक्षा जास्त लागलं ते दुसरंच. मी हळहळ बोलून दाखवली तर एक बाई म्हणाल्या, "बरंच झालं की. लोक अर्पण देतात ते तुमच्या कामासाठी, समुद्रावर खेळायला नाही." आमच्या कामाचं अर्पण आम्ही स्वतःच्या सहलीवर कधीच खर्च केलेलं नाही, पण ते सांगायचीही लाज वाटावी असा तो सूर होता. जशी काही माझी मुलंही अर्पणाच्या पेटीतूनच वाढली आहेत. पूर्वी अमेरिकन मराठी मिशनचे गोरे साहेब उन्हाळा लागला की महाबळेश्वरला जायचे, बोटीने मायदेशी फर्लोवर जायचे, तेव्हा कोणी त्यांच्या विश्रांतीचा हिशेब मागितला नाही. देशी कार्यकर्ता दोन दिवस पाण्यात पाय बुडवतो म्हटलं की मात्र लगेच वही निघते. खुद्द प्रभूने दमलेल्या शिष्यांना एकांतात चलून थोडा विसावा घ्या असं सांगितलं, मार्कच्या सहाव्या अध्यायात आहे ते. पण त्या बाईंना मी काही बोलले नाही. घरी येऊन मुलांच्या बॅगेतले कपडे परत कपाटात ठेवले.

त्याच वेळी तुम्ही दारात आलात. सासऱ्यांना भेटायला आला होता, नेहमीसारखे, हातात शेंगाचटणीचा पुडा. लक्ष्मी-विष्णू मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, तुम्ही दोघं शेजारी-शेजारी उभं राहिलेले. मिल बंद पडली, त्यांनी किराणा घातला, तुम्ही गाडी घेतलीत, पण दोस्ती चालू राहिली. तुम्ही धाकटीचं तोंड बघितलं आणि विचारलंत, "काय झालं गं?" तिने एका दमात सगळं सांगितलं. तुम्ही चहा संपवला, कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "पहाटे चारला तयार राहा. उन्हाच्या आत मिरज गाठू." बस, एवढंच. कुठे जायचं, कुठे राहायचं, किती पैसे, काही नाही. रत्नागिरीच्या बाजारात तुम्ही पूर्वी चादरी-टॉवेलचा माल पोचवायचात, तिथल्या एका दुकानदाराचं घर गावखडीला आहे, हे आम्हाला गाडीत बसल्यावर कळलं.

मंगळवेढा, सांगोला अंधारातच गेलं. काळ्या रानात उजाडलं. मिरजेत तुम्ही न विचारता गाडी मिशन हॉस्पिटलकडे वळवलीत. मी तिथे नर्सिंग शिकले हे सासऱ्यांनी कधीतरी तुम्हाला सांगितलं असणार, आणि तुम्ही ते लक्षात ठेवलंत. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं हॉस्पिटल ते. "आत जाऊन ये, आम्ही चहा पितो," म्हणालात. मी जुन्या वॉर्डाच्या दारात पाचच मिनिटं उभी राहिले. बरं वाटलं, अण्णा. कोणत्या कारणासाठी मी हे काम धरलं होतं ते आठवलं.

आंबा घाट उतरलो आणि हवा बदलली. करवंदं विकायला बसलेल्या बायांकडून तुम्ही द्रोणच्या द्रोण घेतलेत, मुलांची बोटं जांभळी झाली. सोलापूरपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, पण पोरांनी एकदाही "कधी येणार" विचारलं नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

पहिल्या रात्री आपण त्या घराच्या ओटीवर जेवायला बसलो होतो. तांदळाची भाकरी, बांगड्याचं कालवण, वाटीत आमरस. घरची माणसं फार अगत्याची. शेजारचेही दोघं-चौघं येऊन बसले होते. यजमानांनी कौतुकाने ओळख करून दिली, की हे मिशनरी, लांब छत्तीसगडच्या जंगलात असतात. आणि मग ते आलंच: "मुलांनो, तिकडच्या भाषेत एखादं गाणं म्हणा की!"

थोरल्याने हातातला घास ताटात ठेवला. उष्टा हात तसाच, तो उठून उभा राहिला. दुसरा हात पाठीमागे गेला. धाकटीही उठायला लागली. मी बघत होते आणि मला बोलता येत नव्हतं, कारण यजमानांचं मन कसं मोडायचं? आजवर हेच झालं होतं, दर वेळी दुसऱ्याचं मन सांभाळलं आणि मुलांना उभं केलं.

तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "असू द्या की हो. पोरं सुट्टीवर आलीत." मग थोरल्याकडे बघून, "बस रे. कालवण गार व्हायलंय." आणि तुमच्या ताटातला बांगड्याचा मधला तुकडा काटे काढून त्याच्या भाकरीवर ठेवलात.

यजमान हसले, "खरंच की, जेवा रे जेवा," म्हणाले. कोणाचं काही मोडलं नाही. विषय पावसाकडे गेला. आणि माझा मुलगा खाली बसला, अण्णा. भाकरी मोडली आणि जेवला. मी ओटीवरून उठून मागच्या दारी गेले, पाणी आणायच्या निमित्ताने, कारण मला रडू आवरत नव्हतं.

रात्री अंथरुणावर त्याने विचारलं, "उद्यापण नाही म्हणायचं?" मी म्हटलं, नाही. "परवा?" परवापण नाही. तो कूस बदलून झोपला. त्यानंतर कोकणात असेपर्यंत त्याचं पोट एकदाही दुखलं नाही.

देवाच्या नावाने आम्ही इतके लोक काम करतो, लेकरांवर प्रवचनं देतो, आणि आमच्यातल्या एकालाही ते दिसलं नव्हतं. तुम्ही आमच्या मंडळीतले नाही. तुमच्या घरी मार्कंडेयाचा फोटो, आमच्या घरी क्रूस. तुम्हाला आमचं काम नक्की काय ते नीट माहीतही नसेल, तुम्ही कधी विचारलंच नाहीत. तुम्हाला दिसलं ते एवढंच, की पोर जेवता जेवता उठलंय.

समुद्राचं काय सांगू. सकाळी तुम्ही पिशवीतून टर्किश टॉवेल काढलेत, तुमच्या थोरल्याच्या कारखान्यातले. "सेकंडचा माल आहे, वापरा," म्हणालात. मी उलटसुलट करून बघितले. एक धागा सुटलेला नव्हता, कड सरळ, विणकर माणसाला सेकंड म्हणजे काय ते कळत नाही असं थोडंच आहे? ओहोटीला ओली वाळू लांबवर उघडी पडली तेव्हा धाकटी विचारत होती, पाणी कुठे गेलं आणि परत येणार हे त्याला कोण सांगतं. ह्यांनी चंद्राचं समजावलं. कोळी होड्या वर ओढत होते, एक जूनपासून मासेमारी बंद, त्याची तयारी. त्यांनी मुलांना सांगितलं की आता समुद्र पावसाळी व्हायला लागलाय, गुडघ्याच्या पुढे जायचं नाही, आणि तुम्ही पँट दुमडून त्या गुडघ्याच्या रेषेवर दोन्ही दिवस पहारा दिलात. मुचकुंदी नदीच्या मुखाशी पूर्णगडाच्या बुरुजावरही मुलांना तुम्हीच नेलंत. ह्यांचा फोन "चार्जिंगला लावतो" म्हणून घेतलात तो संध्याकाळीच परत दिलात, आणि मध्ये कोणाचे फोन आले ते विचारल्यावर म्हणालात, "आले असतील." लग्नानंतर प्रथमच मी ह्यांना वाळूवर पालथं पडून काहीही न करताना पाहिलं.

आणि मी सुरूच्या बनात झोपले. टॉवेल अंथरला, सुरूच्या त्या बारीक काड्या पाठीला टोचत होत्या, वारा चालू होता. उठले तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. कोणी उठवलं नव्हतं. त्या झोपेची किंमत मला कोणालाच सांगता येणार नाही.

जशपूरला आमच्या घराजवळ एक म्हातारी उरांव बाई राहते. उन्हाळ्यात चारोळीची फळं वेचून आणते आणि पानाच्या दोन्यात आमच्या उंबऱ्यावर ठेवून जाते. हाक मारत नाही. मी विचारलं की हसते. तुम्ही दोघं एकमेकांना कधी भेटणार नाही, भाषाही कळायची नाही. पण अशा माणसांवर जग चाललंय असं मला मनापासून वाटतं. व्यासपीठावरून बोलणारी माणसं खूप भेटली. घास ताटात ठेवणारं पोर बघणारी फार थोडी.

डिझेलचे पैसे ह्यांनी जबरदस्तीने खिशात घातले तेवढेच तुम्ही घेतलेत. बाकीचा हिशेब सासऱ्यांशी बघतो म्हणालात, आणि सासरे म्हणतात तुम्ही त्यांच्याकडे विषयच काढत नाही.

आम्ही जूनच्या मध्याला परत निघतोय. पाऊस सुरू व्हायच्या आत दवाखान्यात सर्पदंशाची इंजेक्शनं भरून ठेवायची आहेत. नाताळात काकूंना घेऊन या. रायगढला उतरा, तिथून पुढे हे घ्यायला येतील. तिकडे डिसेंबरात थंडी कडाक्याची असते, स्वेटर आणि तुमची कानटोपी विसरू नका. आणि येताना कडक भाकरी आणा, तिथे ज्वारीच मिळत नाही.

तुमच्या दोस्ताची सून