अंतर्गत समितीवर नेमणूक झालेल्या मुलास

सांगली

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील तुमच्या कारखान्याने तुला कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीवर नेमले, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र “खोट्या तक्रारींपासून पुरुषांना कोण वाचवणार?” हा तुझा प्रश्न मला अस्वस्थ करून गेला, म्हणून हे पत्र.

अशा छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने खोट्या तक्रारीचा विचार केलेलाच आहे. तक्रार जाणूनबुजून खोटी किंवा द्वेषबुद्धीने केली असल्याचे निष्पन्न झाले, तर कलम 14 प्रमाणे तक्रारदार स्त्रीवर कारवाईची शिफारस करता येते. परंतु केवळ तक्रार सिद्ध झाली नाही किंवा पुरेसा पुरावा मिळाला नाही, एवढ्यावरून तशी कारवाई करण्याचे कारण नाही आणि द्वेषबुद्धी होती हे चौकशी करूनच ठरवावे लागते, असेही त्याच कलमात म्हटले आहे. तुमच्या वसाहतीतली कंत्राटी कामगार बाई, जिचे काम मुकादमाच्या एका शब्दावर टिकते, ती एकांतात झालेल्या प्रकाराला साक्षीदार कुठून आणणार? “सिद्ध झाले नाही” याचा अर्थ तुम्ही “खोटे होते” असा लावलात, तर तिच्यामागे कोणी तक्रार घेऊन येणार नाही. माझी खरी काळजी ही आहे.

ज्याच्यावर आरोप आहे, त्यालाही नीट चौकशीच वाचवते. तक्रारीची प्रत त्याला कामकाजाच्या 7 दिवसांत मिळाली पाहिजे, उत्तरासाठी कामकाजाचे 10 दिवस मिळाले पाहिजेत आणि दोघांचेही म्हणणे सारख्याच शांतपणे ऐकले गेले पाहिजे. दोघांनाही वकील आणता येत नाही, त्यामुळे जिला किंवा ज्याला नीट बोलता येत नाही, त्यांना वेळ देणे हे तुमचेच काम आहे. “ती रात्रपाळीला का थांबली?” असला प्रश्न कोणी विचारला, तर तिथल्या तिथे अडव, तो साहेब असला तरी.

चौकशी 90 दिवसांत संपवायची असते, हे विसरू नकोस. तारखा लांबल्या की दोन्हीकडची माणसे कँटीनमधल्या कुजबुजीत भरडली जातात.

मीही अशा समितीवर काम केले आहे, पण तिथली एकही हकिकत तुला सांगणार नाही, कारण कलम 16 ने गोपनीयता बंधनकारक केली आहे. कायद्याबद्दल काही अडले तर केव्हाही फोन कर. तक्रार कोणाची आणि कोणाविरुद्ध, हे मात्र मलाही सांगू नकोस.

तुझी
आई