विन्या, ती टेप तुझ्याच हातची आहे

पुणे, रविवार

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार. माझी साखर ताब्यात आहे, गुडघे आहेत तसेच, सुलभाही बरी. तब्येतीचं एवढं पुरे. आज लिहितोय ते वेगळ्याच कारणासाठी, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. घरी सांगून पाहिलं. सगळ्यांनी प्रेमानं ऐकलं आणि मला चहा करून दिला.

इचलकरंजीहून धाकट्या शेठचा फोन आला होता. त्यांच्या सुताला खळ लावायच्या सायझिंग मशीनवर आपलं १९८६ चं ८०८५ प्रोसेसरचं कंट्रोल कार्ड अजून चालू होतं रे! परवापर्यंत. मग रिलेच्या बाजूनं धूर आला आणि मशीन थांबलं. कार्ड माझ्या टेबलावर आहे. रिले चालवणाऱ्या यूएलएन २००३ चिपच्या खाली पार कोळसा झालाय, तांबं उचलून गेलंय, लॅमिनेटचे थर सुटलेत. त्याऐवजी तयार कंट्रोलर, पीएलसी, बसवायचा तर पॅनेलची सगळी वायरिंग उपटावी लागेल. शेठ म्हणाले, तेच कार्ड पुन्हा करून द्या. एप्रॉम चिपमधला प्रोग्रॅम वाचला, त्याची बेरीज, चेकसम, जग्याच्या वहीतल्या आकड्याशी तंतोतंत जुळली. म्हणजे प्रश्न फक्त बोर्डाचा उरला.

आणि ज्यांच्यावरून बोर्ड निघतो त्या ट्रॅकच्या फिल्म सापडल्या. शिंदेमामांच्या पत्र्याच्या कपाटात, ट्रेसिंग पेपरच्या पाकिटात, वर मामांचं ते टपोरं अक्षर. ज्या प्लास्टिकच्या शीटवर आपण टेपा चिकटवून ट्रॅक आखले आणि जिचा फोटो काढून फिल्म केल्या, ते मूळ मायलरही तिथंच होतं, पण त्याची दशा बघवत नाही. पत्र्याखाली इतके उन्हाळे काढल्यावर टेपा आकसून पॅडपासून मागे सरकल्यात, गोंद पाघळून कडेनं पिवळी रेघ उठलीय, आणि पाकीट हलवलं की तळाशी पिनांच्या जागेचे सुटे डोनट पॅड वाजतात. तू मामांच्या डब्याच्या झाकणावर ओळीनं सोळा पॅड चिकटवून ‘डब्याला आयसी बसवला’ म्हणाला होतास, त्याची आठवण झाली. मामा आठवडाभर तोच डबा मुद्दाम सगळ्यांना दाखवत फिरत होते.

फिल्म मात्र शाबूत आहेत. पॉलिएस्टर बेस, काळं अजून काळंच आहे. लाइट टेबलावर ठेवली आणि भिंगाचा लूप लावला, तर टेपची कड जिथं ब्लेडनं कापलीय तो कापसुद्धा दिसतो. दुप्पट मापात टेप केलेलं निम्म्यावर आणलं की हाताची थरथरही निम्मी होते, असं बापट सर म्हणायचे. बरोबरच आहे, पण निम्मी उरतेच ना! कुठला ट्रॅक तुझा, कुठला माझा, हे मी आजही न विचारता सांगतो. माझे सगळे पंचेचाळीस अंशात कापलेले. तू टेप कधी कापायचाच नाहीस, बोटानं दाबत दाबत वळवत न्यायचास. त्यावरून आपण किती भांडलो! मी म्हणायचो, ताणून वळवलेली टेप मागे येते. तू म्हणायचास, न ताणता वळवायला शिक. या मायलरवर दोघांच्याही टेपा सुटल्यात, तेव्हा भांडण बरोबरीत सुटलं असं धरू.

आता खरी गोष्ट. कार्डाच्या वरच्या, कंपोनंट साइडची फिल्म एक आहे. खालच्या, सोल्डर साइडच्या दोन आहेत.

दोन्हींवर रिव्हिजन तीच. एकीवर दुसरी ठेवली तर एकच फरक दिसतो, नेमका जिथं कार्ड जळलंय तिथं. पहिलीत यूएलएनच्या आठ नंबर पिनेचं ग्राउंड स्वतंत्र, कडेकडेनं थेट कनेक्टरपर्यंत जातं. दुसरीत ते मधेच पाच व्होल्टच्या ७८०५ रेग्युलेटरजवळ ८०८५ च्या ग्राउंडला जोडलंय. सर्किट डायग्राममध्ये दोन्हींना ग्राउंडची तीच खूण आहे, तो काहीच सांगत नाही. मीटर लावावा तर तेवढाच भाग जळून गेलाय. मायलरवर बघावं तर तिथल्या टेपा पाकिटाच्या तळाशी. बोर्ड आखायच्या किकॅड सॉफ्टवेअरला दोन्ही मान्य आहेत, त्याला ती जोडणी एकच दिसते. पण रिले पडताना जो झटका येतो तो प्रोसेसरच्या ग्राउंडमधून न्यायचा की बाजूनं, यावर कार्ड मधेच रीसेट होणार की नाही हे ठरतं. तुला हे मी काय सांगणार? यासाठीच तू बापट सरांशी भांडलास, टेबल सोडून खाली जाऊन बसलास आणि मला दोघांचे निरोप वर-खाली न्यावे लागले.

आणि विन्या, तो जोडणारा ट्रॅक वळणाचा आहे. न कापता, बोटानं दाबत नेलेला. तो तुझा हात आहे. वेगळ्या ग्राउंडसाठी ज्यानं भांडण काढलं त्यानंच ते जोडलं कसं? सरांनी जोडायला लावलं? की आधी तूच जोडलं होतंस, मग तोडलंस, आणि भांडण त्यानंतरचं?

मी मापं घेतली. कनेक्टर चौसष्ट पिनांचा, एका ओळीत बत्तीस, म्हणजे पहिल्या पॅडपासून शेवटच्यापर्यंत एकतीस अंतरं. दोन पिनांमधल्या २.५४ नं गुणलं की ७८.७४ मिलिमीटर. असली फुकटची पट्टी प्रत्येक बोर्डावर असते. बाराशे डीपीआयला स्कॅन केलं, एक ठिपका साधारण ०.०२ मिलिमीटरचा. स्कॅनर मोटरच्या दिशेनं थोडं खोटं बोलतो म्हणून फिल्म काटकोनात फिरवून पुन्हा केलं. कंपोनंट साइड आणि पहिली फिल्म अचूक आहेत. दुसरी ७८.५० भरते. एकशे साठ मिलिमीटरच्या कार्डावर हा फरक जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा. आयसीचं पॅड दीड मिलिमीटरचं, भोक ०.८ चं, कडेला उरतं ०.३५. एका टोकाला जुळवलं तर दुसऱ्या टोकाला भोक पॅडबाहेर जातं. म्हणजे ती फिल्म प्रोसेसवाल्याकडे कॅमेऱ्याचं माप चुकून निघाली आणि बाद झाली. जळक्या कार्डाची सोल्डर साइड मोजली, ती अचूक मापाची आहे. तेव्हा हे कार्ड त्या फिल्मवरून नक्की निघालेलं नाही.

इथंच अडलोय. बाद फिल्म आधीची असेल तर सरळ आहे, पहिली खरी. पण नंतरची असेल तर ती पुन्हा योग्य मापात काढली असणार, आणि ती तिसरी फिल्म बोर्ड करणाऱ्याकडेच राहिली असणार. त्याचं दुकान तर कधीच बंद झालं.

भाचा म्हणतो, मामा, ट्रॅक नव्यानं राउट करा, संध्याकाळपर्यंत होईल. हुशार पोरगा आहे, पण मला ते करायचं नाही. हे कार्ड कॉन्टॅक्टरच्या शेजारी एवढी वर्षं न अडखळता चाललं, ते त्याच्या ट्रॅकच्या रस्त्यांमुळे. रस्ते बदलले की ते कार्ड उरत नाही. म्हणून स्कॅन किकॅडमध्ये खाली ठेवून वर एकेक ट्रॅक गिरवतोय. आयसी ग्रिडवर आपोआप बसतात. तुझी वळणं मात्र कमानी जोडत जोडत करावी लागतात, आणि ती मी एकही सरळ केलेली नाही. भोकांची मापं फिल्ममध्ये नसतातच, ती जळक्या कार्डावरून ड्रिल घालून घालून घेतली. एके ठिकाणी ८२५५ चिपच्या दोन पिना जोडणारी बारीक रेघ दिसली, मी घाबरलो. लूपखाली पाहिलं तर केस! जग्याच्या मिशीचाच असणार, फिल्मवर तो इतका वाकायचा. कार्डावर ती रेघ नाही, म्हणजे मामांनी त्या वेळी ब्लेडनं खरवडून काढली असेल.

तुझं उत्तर येईपर्यंत त्या जागी दोन पॅड समोरासमोर ठेवलेत. जम्पर टाकला की जुळेल, नाही टाकला की वेगळं. काम त्यानंही भागेल. पण मला ते तसं शेठच्या हातात द्यायचं नाही. आपण तेव्हा काय ठरवलं होतं ते मला हवंय, कारण ठरवलं ते तिघांनी मिळून होतं आणि आता सांगणारा तू एकटाच आहेस.

दोन्ही फिल्मचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकतो, नातीच्या टॅबवर मोठे करून बघ. यूएलएनच्या डाव्या हाताला, क्रिस्टलच्या खालच्या अंगाला. बघितल्यावर पहिलं जे आठवेल ते कागदावर लिही. फोन नको, फोनवर आपण टेप कापायची की वळवायची यावर जातो.

यंदा देवरुखला मोहोर कसा आहे? पडवीचं काम झालं का? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे जग्याकडून कळलं, बरं वाटलं. त्यांना नमस्कार, नातीला आशीर्वाद. बोर्डाची गर्बर फाइल शुक्रवारी बोर्डवाल्याकडे पाठवायची आहे, त्याआधी कळव.

तुझा,
अरुण